बांधाच्या मातीत कोटाच्या बटणाएवढी झाकणं दिसली, आत कोळी आहे. दुसरीकडे हलवता येईल का?

ओढ्याकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचा नाही.

आमचं शेत भोर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. विहिरीकडे जाणाऱ्या पायवाटेच्या कडेला आजोबांच्या वेळचा एक मातीचा बांध आहे. कंबरेएवढा उंच, तोंड पूर्वेला. पावसाळ्यात त्याच्या अंगावर हिरवंगार शेवाळं धरतं, ते आता वाळून काळपट पडलंय. झाड नाही, झुडूप नाही, नुसती उघडी उभी माती.

दिवाळीच्या सुट्टीत माहेरी आले होते. एका संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला त्या बांधासमोर दगडावर बसले होते. एक मुंगळा बांधावरून चालला होता. माझं लक्ष त्याच्याकडेच होतं. अचानक त्याच्या पुढ्यातली माती उचलली गेली, काहीतरी काळं बाहेर आलं आणि मुंगळा नाहीसा. माती परत होती तशी. मला आधी वाटलं डोळ्यांना भास झाला. जवळ जाऊन बघितलं तर काही म्हणजे काही दिसेना. मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा कुठे केसाएवढी एक गोल रेघ दिसली. नखानं हळूच उचकटलं तर झाकण! वरून माती आणि वाळकं शेवाळं, खालून पांढरंशुभ्र, कागदासारखं गुळगुळीत. आतून कोणीतरी ते जोरात खाली ओढून घेतलं. मी हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च घेऊनच बसले. दोन हात लांबीच्या त्या पट्ट्यात चौदा झाकणं मोजली. एक कोटाच्या बटणाएवढं, दोन-तीन शर्टाच्या बटणाएवढी, बाकीची तुरीच्या डाळीएवढी. फोटो काढले, पण फोटोत नुसती माती दिसते.

अडचण अशी की पुढच्या महिन्यात भाऊ तिथं जेसीबी आणणार आहे. ट्रॅक्टर विहिरीपर्यंत जात नाही म्हणून बांध मागे सारायचाय. त्याचंही चुकीचं नाही, तीन वर्षं डोक्यावरून पाइप वाहतोय. तर हा कोणता कोळी? इतकं बेमालूम कसं जमवतो? आणि मातीसकट उचलून दुसऱ्या बांधावर नेता येईल का?

कडूनिंब_७

ताई, घरात लहान मुलं असतील तर नाद करू नका. बिळातले कोळी विषारी असतात. फवारणी करून घ्या आणि बांध काढून टाका.

बांधावरचा

ताई, आधी त्या फवारणीचं सांगतो. कृपा करून करू नका. हा कोळी घरात येत नाही, माणसाच्या वाटेला जात नाही, आणि आपल्याकडे त्याच्या चाव्यानं कोणाला काही झालेलं मी तरी कधी ऐकलं नाही. मादी तर जन्मभर बिळाबाहेर पडत नाही म्हटलं तरी चालेल. बोट मात्र कुठल्याच बिळात घालू नये, कारण तसल्याच बांधात इंगळी, म्हणजे मोठा काळा विंचूही राहतो.

मी कृषी सहायक म्हणून ३१ वर्षं काढली, सगळी सातारा जिल्ह्यात. बांधबंदिस्तीची मापं घेत ताली तुडवणं हेच काम. बांधाला किती जणांची बिऱ्हाडं असतात ते त्या नोकरीनं दाखवलं. मुठ्याचं, म्हणजे शेतातल्या खेकड्याचं, बीळ गोल, तोंडाशी चिखलाच्या गोळ्या. इंगळीचं बीळ आडव्या चंद्रकोरीसारखं, पुढे उकरलेल्या मातीचा पसारा. उंदराच्या बिळापुढे तर ढीगच. तुम्ही पाहिलंत त्याच्यापुढे मातीचा कणही नसतो, आणि तीच त्याची पहिली खूण.

हा झाकणवाला कोळी. इंग्रजीत ट्रॅपडोअर स्पायडर म्हणतात. आपल्याकडच्या अशा जाड झाकणाचे कोळी बहुतेक इडिऑप्स किंवा हेलिग्मोमेरस या वंशांतले. इडिऑप्सची एक जात तर मुंबईच्याच नावानं नोंदलेली आहे, इडिऑप्स बॉम्बेएन्सिस, २००५ साली. तुमची नेमकी कोणती ते झाकण बघून सांगता येत नाही, त्यासाठी कोळी हातात धरून भिंगाखाली बघावा लागतो, आणि तेवढ्यासाठी तिला बाहेर काढायची काही गरज नाही.

आता ते घर कसं असतं ते सांगतो. मी ते मुद्दाम फोडून पाहिलेलं नाही, पावसानं फोडून दाखवलं.

जावळी तालुक्यात एका ऑगस्टात आठ दिवस झड लागली होती. एका नाचणीच्या शेताचा बांध मधोमध उभा कापल्यासारखा ढासळला. पंचनाम्याला गेलो तर त्या ताज्या कापावर मातीतून एक पायमोजा लोंबत होता. खरोखर लहान मुलाच्या पायमोज्यासारखा, वीतभर लांब, बोटभर रुंद. बाहेरून मातीनं माखलेला. मी बोटानं माती झटकली तर खाली दाट विणलेलं रेशीम. आतून पांढरा, इतका गुळगुळीत की पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवावं तसा. सगळीकडे पाणी झिरपत होतं, बाजूची माती बोट लावलं की सांडत होती, पण त्या नळीत एक कण पडलेला नव्हता. वरच्या टोकाला झाकण तसंच मिटलेलं. आणि तळाशी ती, काळसर तपकिरी, पाय जवळ घेऊन बसलेली.

ते झाकण मी नीट पाहिलं. अर्ध्या चंद्राहून थोडं जास्त गोल, एक बाजू सरळ. सरळ बाजूला रेशमाची पट्टी, तीच बिजागरी. बिजागरी उताराच्या वरच्या अंगाला होती, म्हणजे झाकण उचललं तरी आपल्या वजनानं आपोआप खाली पडणार. कड आतल्या बाजूला उतरती तासलेली, बरणीच्या बुचासारखी, त्यामुळे तोंडात घट्ट बसतं. खालच्या पांढऱ्या अंगाला, बिजागरीच्या समोर, टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं होती. ती तिच्या दातांची. कोणी वरून उचकटू लागलं की ती दात आणि नख्या त्या भोकांत रोवते, मागचे पाय बिळाच्या भिंतींना टेकवते आणि झाकण खाली ओढून धरते. ताई, तुमच्या नखाखालून झाकण ओढलं गेलं ते असं.

तुमचा दुसरा प्रश्न, इतकं बेमालूम कसं जमतं. मलाही पूर्वी वाटायचं की ती रंग निवडत असेल. निवडायची वेळच येत नाही, कारण झाकण तिथल्याच मातीचं असतं. जबड्यांवरच्या राठ काट्यांनी ती माती उकरते, गोळी करून बाहेर नेते आणि लांब टाकून देते. उभ्या बांधावर गोळी घरंगळून खाली जाते, म्हणून दाराशी ढीग दिसत नाही. मग बिळाच्या तोंडावर रेशमाचा पडदा विणते, त्यात मातीचे कण आणि आसपासचं शेवाळं गुंतवते, परत रेशीम, परत माती. जाडी झाली की कड सोडवून घेते, एक बाजू तेवढी जोडलेली ठेवते. झालं दार. पुढच्या पावसाळ्यात बांधावर शेवाळं धरतं तेव्हा झाकणावरही धरतं, कारण माती तीच आणि ओल तीच. बांध हिरवा तर दार हिरवं, बांध काळा तर दार काळं.

ती वाढते तसं घरही वाढवते. कात टाकली, अंग मोठं झालं, की बीळ रुंद करायचं आणि झाकणाला खालून नवा, मोठा थर द्यायचा. जुन्या झाकणाची कड नीट पाहिली तर शिंपल्यावरच्या रेघांसारखे थर दिसतात. ढासळलेल्या बांधातल्या त्या झाकणावर मी असे पाच थर मोजले होते.

उन्हाळ्यात तर ती झाकण आतून रेशमानं डकवून टाकते. एप्रिलमध्ये तुमच्या त्या बांधाला हात लावून पाहा, चटका बसेल. वर मातीचं बूच, आत रेशमाचं अस्तर, तळाशी थोडी ओल, एवढ्या सोयीवर ती ऊन काढते. उघड्या मातीवर दुसरा आडोसा कुठून आणणार?

लपायचं कारण नुसती शिकार नव्हे. कुंभारीण माशी मातीच्या घरट्यात कोळी भरून ठेवते ते सगळ्यांनी घराच्या खिडकीत पाहिलेलं असतं. तिच्यासारख्याच काही माश्या जमिनीवरच्या कोळ्यांच्या मागे असतात. अंगानं काळ्यानिळ्या, काहींचे पंख नारिंगी, बांधावरून पळत पळत, मिशा आपटत फिरतात. बीळ सापडलं की आत शिरून कोळ्याला डंख मारतात, तो मरत नाही, लुळा पडतो, त्याच्या अंगावर अंडं घालतात आणि अळी त्याला जिवंतच खाते. गोमही बिळात घुसते. झाकणाची कड केसभर जरी उघडी राहिली तरी यांना पुरते.

आणि तुमची ती तुरीच्या डाळीएवढी झाकणं. ती तिची पिल्लं असणार. पिल्लं आईच्याच बिळात महिनोन् महिने राहतात आणि बाहेर पडली की फार लांब जात नाहीत, चालत चालत जवळच स्वतःचं बीळ करतात. पहिल्याच दिवसापासून झाकणासकट. कोणी शिकवत नाही. मोठं झाकण मधे आणि लहान भोवती, असं दिसलं की ती एकाच घरची वस्ती समजा. नर मोठे झाले की पावसाळ्यात बीळ सोडून मादी शोधत भटकतात आणि मरतात. माद्या तिथंच राहतात.

म्हणून हलवायचं म्हणाल तर माझं उत्तर नाही असं आहे. बीळ जरासं मोडलं तर ती दुरुस्त करते, पण घर बदलणं तिच्या स्वभावात नाही. मातीसकट उचललंत तर त्या पायमोज्याला चिरा पडणार, बिजागरी सुटणार, दार नव्या जागेच्या मातीत उठून दिसणार. आणि चौदापैकी बारा बिळं तुम्हाला खणताना सापडणारही नाहीत.

एक सांगून टाकतो. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मला हे नवल वाटायचं म्हणून बाभळीच्या काट्यानं मी अशी दहा-बारा झाकणं उचकटून पाहिली होती, सोबतच्या लोकांना दाखवायला. आठ दिवसांनी त्याच वाटेनं परत गेलो. काहींनी झाकण शिवून घेतलं होतं. एक अर्धवट उघडं होतं आणि आत मुंग्यांची रांग चालली होती. ती रांग अजून डोळ्यांपुढे येते. त्यानंतर मी एकही झाकण उघडलेलं नाही.

तुमच्या भावाला सांगा, बांध सगळा ठेवू नका, पण तो दोन हातांचा पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर एवढा सोडा. ट्रॅक्टरला साधारण आठ फूट वाट लागते. पट्ट्याच्या समोरून वाट काढता येते का बघा. चार खुंट्या ठोकून ठेवा, जेसीबीवाल्याला खुंट्या कळतात, कोळी कळत नाहीत. आणि त्या बांधावर पालापाचोळा पेटवू नका, तणनाशक मारू नका.

हिवराखाली

काका, वाचताना अंगावर काटा आला. मी सोलापूरकडचा, आमच्याकडे बांधाला शेवाळं कसलं, सहा महिने गवतही नसतं. पण उघड्या माळावर कोळी कसा राहतो त्याचं अगदी उलटं उदाहरण आमच्याकडे आहे, म्हणून लिहितो.

बोरीच्या, बाभळीच्या काट्यांत किंवा तारेच्या कुंपणावर नारळाएवढा मळकट गोळा दिसतो. वाळका पाला, काड्या, टोळांचे पाय, भुंगेऱ्यांची टरफलं, सगळं रेशमात गुंडाळलेलं. वाऱ्यानं अडकलेला कचरा वाटावा असा. लहानपणी आम्ही त्याला कोळ्यांचं गाव म्हणायचो. आत दहा-वीस नाही, कधी कधी शंभरावर कोळी एकत्र राहतात. स्टेगोडायफस सरासिनोरम हे त्याचं शास्त्रीय नाव. कोळी म्हटलं की एकलकोंडा, एकमेकांना खाणारा, पण हे एकत्र जाळं विणतात, एकत्र शिकार ओढतात, एकत्र खातात.

गोळ्याच्या आत स्पंजासारखे बोगदे असतात. गोळ्यापासून शेजारच्या फांद्यांकडे जाळ्याची पानं ताणलेली असतात. त्या जाळ्याला हात लावला तर डिंक लागत नाही, तरी बोट सुटत नाही. कारण धागा साधा नसतो. हजारो बारीक तंतू असतात आणि कोळी शेवटच्या पायावरच्या केसांच्या फणीनं ते पिंजून काढतो, कापूस पिंजावा तसे. पाणीदार डिंकाचे थेंब आमच्या माळावरच्या वाऱ्यात किती टिकणार? हा कोरडाच चिकटतो. धूळ बसली की मात्र निकामी होतो, म्हणून अंधार पडला की सगळे बाहेर येऊन नवा धागा घालतात. बॅटरी मारली तर एका फांदीवर पंधरा-वीस जण कामाला लागलेले दिसतात.

मे महिन्यात दुपारी तीनला मी कुंपणाजवळ उभा राहून बघितलंय. उन्हाच्या बाजूला एक कोळी नाही, सगळे गोळ्याच्या सावलीतल्या अंगाला तोंडाशी येऊन बसलेले.

आपल्याकडे म्हणतात ना, विंचवाची पिल्लं आईला खातात. विंचवाच्या बाबतीत ते खोटं आहे, तिची पिल्लं पाठीवर बसतात आणि वेळ आली की उतरून जातात. या कोळ्याच्या बाबतीत मात्र खरं आहे. मादी आधी पोटातलं अन्न तोंडातून काढून पिल्लांना भरवते, आणि शेवटी पिल्लं तिलाच खातात. ती प्रतिकार करत नाही.

कुंपण साफ करताना लोक हे गोळे काठीनं झोडतात, पेटवतात. आमच्या बांधावरचे तीन मी सोडायला लावलेत.

कडूनिंब_७

बांधावरचा काका, माझा गैरसमज होता. फवारणीचा सल्ला मागे घेतो. आमच्या वडिलांना गांधीलमाशी चावून फार त्रास झाला होता, तेव्हापासून सगळ्याच किड्यांची धास्ती बसलीय.

पेठेतली_खिडकी

शेत नाही, बांध नाही, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. पण हा धागा वाचून बाल्कनीच्या भिंतीकडे नीट बघितलं. प्लास्टरला जिथं बारीक चीर आहे तिथं नखाएवढ्या चांदणीच्या आकाराच्या पांढुरक्या चकत्या आहेत, कडांना धागे ताणलेले. मी आजवर त्यांना जळमट समजून झाडूनं काढत आले. हाही कोळ्याचाच निवारा का?

बांधावरचा

हो ताई. तो भिंतीवरचा तंबूवाला कोळी, ओएकोबियस. अंग जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. रेशमाच्या दोन पदरांच्या मधे बसतो, एक पदर भिंतीला लागून, दुसरा वर तंबूसारखा. भिंतीवरची धूळ त्या वरच्या पदरावर बसली की तंबू भिंतीच्याच रंगाचा होतो, त्यासाठी त्याला वेगळं काही करावं लागत नाही. मुंगी जवळून गेली की तंबूतून बाहेर येतो आणि तिच्याभोवती गरगर फिरतो. फिरता फिरता शेपटाकडच्या केसांच्या झुपक्यानं रेशीम ओढून तिला भिंतीला जखडून टाकतो. मग चावतो. भिंग असेल तर संध्याकाळी मुंग्यांच्या रांगेशेजारी बसून बघा.

तुम्ही पुण्याच्या म्हणून आणखी एक. यातल्या एका जातीचं नाव ओएकोबियस मराठाउस आहे. डॉ. बी. के. टिकादर यांनी १९६२ साली तिचं वर्णन केलं. भारतातल्या कोळ्यांवर ज्यांनी आयुष्य घातलं ते हे टिकादर. भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या कार्यालयात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. तुमच्या भिंतीवरचा तोच आहे असं मी म्हणत नाही, पण मराठ्यांचं नाव घेऊन एक कोळी भिंतीवर तंबू ठोकून बसलाय हे मला फार आवडतं.

दूरदेशीचा_सांगलीकर

काकांनी घर न बदलण्याचं लिहिलंय, त्याला इथली एक पुस्ती जोडतो. मी पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थला असतो, कामानिमित्त आतल्या गव्हाच्या पट्ट्यात जाणं होतं.

तिथं नॉर्थ बुंगुल्ला नावाच्या एका राखीव तुकड्यात बार्बरा यॉर्क मेन या संशोधक बाईंनी १९७४ पासून झाकणवाल्या कोळ्यांच्या बिळांशेजारी खुंट्या ठोकून नोंदी ठेवायला सुरुवात केली. सोळाव्या खुंटीची मादी ४३ वर्षं जगली. त्याच एका बिळात. २०१६ मध्ये पाहणीला गेलेल्यांना झाकणाला भोक पडलेलं दिसलं, आत ती नव्हती. काका म्हणतात तसल्याच माशीनं तिला गाठलं असावं. मेनबाई तोवर ऐंशी पार केलेल्या होत्या. जगात इतकं जगलेला दुसरा कोळी नोंदलेला नाही.

त्या जातीची, गायस व्हिलोससची, आणखी एक गंमत. ती झाकणाच्या कडेला काड्या आणि पानांचे देठ रेशमानं चिकटवते, सूर्याच्या किरणांसारखे चहूकडे पसरलेले. बघणाऱ्याला पडलेला पाचोळा वाटतो. पण एखाद्या काडीवर मुंगीचा पाय पडला की कंप आत तिच्या पायापर्यंत पोचतो. म्हणजे बिळात बसून तिचा हात दाराबाहेर पोचतो. मी एका वाटेच्या कडेला अशी काड्यांची चांदणी पाहिलीय, बुटाच्या टाचेपासून चार बोटांवर. पाय कसा उचलला माझं मला ठाऊक.

ताई, तुमच्या बांधावरही खुंटीला नंबर घाला. आणि तारीख लिहून ठेवा.

ओढ्याकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला कारण मधे परत गावी जाऊन आले.

भावाला काकांचं उत्तर वाचून दाखवलं, मोठ्यानं, जेवताना. तो काही बोलला नाही. तणनाशकापाशी आलं तेव्हा मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेले तर तो आधीच तिथं टेप घेऊन उभा होता. वाट पुढून काढायची तर गव्हाच्या वाफ्याचा दीड फूट जातो. तो म्हणाला, जाऊ दे दीड फूट. मग दोघांनी मिळून खुंट्या ठोकल्या, बांबूच्या, चुना लावून. जेसीबी येऊन गेला. मी दिवसभर तिथं उभी होते. चालक चांगला माणूस होता. उतरून वाकून बघितलं त्यानं, काही दिसलं नाही, तरी खुंट्यांच्या आत बकेट आणली नाही.

मातीला हादरे बसले त्याची मला काळजी होती. त्या रात्री दहा वाजता टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावून आम्ही दोघं आणि त्याची सात वर्षांची मुलगी तिथं गेलो. हलायचं नाही, बोलायचं नाही असं ठरवून बसलो. अर्धा तास काही नाही. मग मोठ्या झाकणाची खालची कड उचलली गेली, तांदळाच्या दाण्याएवढी फट, आणि फटीत चार पायांची टोकं येऊन टेकली. भाचीनं माझा दंड घट्ट धरला. तेवढ्यात तिला शिंक आली आणि कड मिटली.

लहानांपैकी नऊ झाकणं दिसली, चार सापडली नाहीत. दिवसा परत शोधेन. मोठीच्या खुंटीवर भाचीनं खडूनं एक आकडा काढलाय. पाऊस लागायच्या आत तिथं रंगानं लिहायचंय.

काका, एक विचारायचं राहिलं. मोठ्या झाकणाची कड टॉर्चमध्ये तिरकी पाहिली तेव्हा थर दिसले. न उघडता मोजता येतात का?

बांधावरचा

न उघडता खात्रीनं मोजता येत नाहीत, आणि थर म्हणजे वर्षं असंही नाही. राहू द्या. पुढच्या पावसात, आषाढाच्या सुमाराला, शेवाळं नवं असताना सकाळच्या कोवळ्या उन्हात जा. बांधाचं तोंड पूर्वेला आहे म्हणालात, म्हणजे ऊन सरळ त्यावर येईल. झाकणावरचं शेवाळं थोडं मागे राहिलेलं असतं, रंग एक छटा फिका असतो. त्यावरून ती चारही सापडतील. भाचीला घेऊन जा, लहान मुलांची नजर बारीक असते.